विजेरीतील एलईडीचा करंट, प्रकाश आणि सेलचे तास: माझा हिशेब दोन तासांनी का चुकतो?

पाखाडीवाला (दापोली तालुका), धागाकर्ता

सर्वांना नमस्कार. आमच्या भागात विजेरीला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल म्हणतात. पुढे घोटाळा होऊ नये म्हणून या धाग्यात मी विजेरी आणि सेल हेच दोन शब्द वापरणार आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ येऊन गेले आणि त्यानंतर आमच्या वाडीत वीज यायला कित्येक आठवडे लागले. विजेरी किती लखलखीत आहे यापेक्षा एकदा भरलेल्या सेलवर ती किती तास चालते याला खरी किंमत असते, हे त्या दिवसांत कळले. कारण सेल भरण्यासाठी जनरेटर असलेल्या घरी जाऊन नंबर लावावा लागत होता. तेव्हापासून एलईडीला नेमका किती करंट दिला म्हणजे सेलमधल्या विजेचा जास्तीत जास्त प्रकाश होईल, याचा हिशेब मांडण्याचा नाद लागला. आता तो हिशेब एका ठिकाणी अडला आहे.

माझ्या विजेरीत १८६५० मापाचा एक लिथियम सेल आणि क्री कंपनीची एक्सएम-एल ही टी-६ प्रतीची एलईडी आहे. ही एलईडी २०१० च्या अखेरची, म्हणजे आता जुनीच. पण तिचे आकडे सहज मिळतात आणि तशा विजेऱ्या अजून पुष्कळ घरांत आहेत. माहितीपत्रकाप्रमाणे ७०० मिलिअँपिअर करंटला ती किमान २८० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे एकूण प्रकाशाचे माप) प्रकाश देते आणि त्या वेळी तिच्यावर साधारण २.९ व्होल्ट असतात. म्हणजे वीज लागते दोन वॅटपेक्षा किंचित जास्त, आणि दर वॅटला प्रकाश मिळतो सुमारे १३८ ल्युमेन. तीच एलईडी ३ अँपिअरवर, म्हणजे तिच्या कमाल मर्यादेवर चालवली तर व्होल्टेज ३.३५ पर्यंत चढते, वीज १० वॅट लागते आणि प्रकाश मात्र सुमारे ९१० ल्युमेनच होतो. दर वॅटला ९० च्या आसपास. वीज पाचपट घालायची आणि प्रकाश सव्वातीनपट घ्यायचा, असा हा व्यवहार आहे.

विजेरीला दोन टप्पे आहेत. पूर्ण टप्प्यावर ती ३ अँपिअर घेते. कमी टप्प्यावरचा प्रकाश मी खोलीत छताकडे तोंड करून मोबाइलच्या लक्समीटरने मोजला, तर तो पूर्ण टप्प्याच्या तिसऱ्या हिश्शाला किंचित कमी भरला, म्हणजे २८० ल्युमेनच्या जवळपास. आता माझा सेल ३००० मिलिअँपिअर-तासांचा, सरासरी ३.६ व्होल्टचा, म्हणजे त्यात १०.८ वॅट-तास वीज आहे. तिला दोन वॅटने भागले तर कमी टप्प्यावर विजेरी सव्वापाच तास चालायला हवी. घड्याळ लावून पाहिले तर ती तीन तास दहा मिनिटांतच मंदावते. दोनदा पाहिले, दोन्ही वेळा तेच. उरलेले दोन तास कुठे जातात?

आंबेराखण (देवगड)

पहिला संशय सेलवरच घ्यावा. बाजारात ९९०० चा आकडा छापलेले १८६५० सेल मिळतात, आणि या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्येही साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच भरणा मावतो. छापील आकडा जितका मोठा तितका सेल हलका, असा माझा अनुभव आहे. आपल्या सेलचे ३००० खरे आहेत का?

पाखाडीवाला

शंका रास्त आहे. पण भरणा मोजणाऱ्या चार्जरवर सेल पूर्ण रिकामा करून पाहिला आहे आणि तो तीन हजारांच्या आसपासच भरतो. सेल निर्दोष आहे.

निवृत्त मास्तर (राजापूर)

आपले एलईडीचे आकडे बरोबर आहेत, पण वॅटने भागण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही हे आधी पाहायला हवे. तो अधिकार विजेरीतला ड्रायव्हर, म्हणजे सेल आणि एलईडी यांच्यामध्ये बसून करंट ठरवणारे सर्किट, देतो.

एका सेलच्या स्वस्त आणि मध्यम विजेऱ्यांत बहुधा ७१३५ क्रमांकाच्या छोट्या काळ्या चिपा असतात. प्रत्येक चिप ३५० किंवा ३८० मिलिअँपिअर करंट सोडते आणि अशा आठ चिपा शेजारीशेजारी जोडल्या की तीन अँपिअरच्या आसपास करंट होतो. या चिपा करंट मोजून सोडतात एवढेच. व्होल्टेज उतरवून त्याचा करंट वाढवून देण्याची कला त्यांच्याकडे नाही. एलईडीतून जेवढा करंट जाईल तेवढाच सेलमधून निघतो, आणि सेलचे व्होल्टेज व एलईडीचे व्होल्टेज यांतील फरक चिपेत उष्णता होऊन जातो. नुकताच भरलेला सेल ४.२ व्होल्टचा आणि ७०० मिलिअँपिअरवरची एलईडी २.९ व्होल्टची, म्हणजे १.३ व्होल्ट फुकट. त्यामुळे कमी करंटवर एलईडीचे व्होल्टेज खाली येते हा जो फायदा आपण हिशेबात धरला, तो आपल्या हाती न पडता चिपेच्या हाती पडतो.

म्हणून इथे वॅटऐवजी अँपिअरने भागावे. ३००० ला ७०० ने भागल्यास चार तास सतरा मिनिटे येतात. आपल्या दोन तासांपैकी एक तास इथे सापडला.

फायदा उरतो, पण घटतो. एका अँपिअरला किती प्रकाश मिळतो हे पाहिले तर ७०० मिलिअँपिअरवर ४०० ल्युमेन आणि ३ अँपिअरवर ३०३ ल्युमेन, म्हणजे लाभ सुमारे ३२ टक्के. वॅटच्या हिशेबात तो ५२ टक्क्यांच्या आसपास दिसत होता. तो पुरता लाभ हवा असेल तर बक प्रकारचा, म्हणजे कॉइल आणि वेगवान स्विच वापरून व्होल्टेज उतरवणारा ड्रायव्हर लागतो. त्यातही दहाएक टक्के वीज जातेच, पण दोन वॅटच्या कामाला तो पावणेपाच तासांच्या आसपास देईल.

पूर्ण टप्प्याबद्दल एक जोड देतो. ३ अँपिअरवर एलईडीलाच ३.३५ व्होल्ट लागतात. सेल त्याच्या खाली आला की चिपांना करंट राखता येत नाही आणि प्रकाश हळूहळू उतरू लागतो. आपल्या लक्षात आलेच असेल.

पाखाडीवाला

मास्तर, मनापासून आभार. पूर्ण टप्प्यावर अर्ध्या-पाऊण तासानंतर प्रकाश उतरतो हे खरे आहे, आणि त्याचा दोष मी एलईडीला देत होतो. विजेरी उघडून पाहिली. आठ चिपा आहेत. तरीही चार तास सतरा मिनिटे आणि तीन तास दहा मिनिटे यांत तासाभराची तफावत राहतेच.

उधाण (वेंगुर्ले)

करंट वाढवला की दर अँपिअरला मिळणारा प्रकाश घटतो, त्याचे कारण उष्णता हेच ना? मग विजेरीच्या डोक्यात तांब्याची जाड पट्टी बसवली तर ३ अँपिअरवरही ७०० मिलिअँपिअरसारखी कार्यक्षमता मिळायला हरकत नसावी.

निवृत्त मास्तर

हा समज फार पसरलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

उष्णता हे एक कारण आहेच. दर वॅटला ९० ल्युमेन देणारी पांढरी एलईडी दहा वॅटपैकी सुमारे सात वॅट उष्णता करते, तर ७०० मिलिअँपिअरवर हीच उष्णता एक-सव्वा वॅट असते. एलईडीची स्वतःची चिप तापली की प्रकाश उतरतो, आणि एलईडीखाली अॅल्युमिनियमऐवजी थेट तांब्याचा आधार दिला तर मोठ्या करंटवर फरक स्पष्ट दिसतो. तेव्हा पट्टी जरूर बसवावी.

परंतु एलईडी थंड ठेवून, क्षणभराचे ठोके देऊन मोजले तरीही करंटबरोबर कार्यक्षमता घसरतेच. पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी एलईडी आणि तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर. निळी चिप इंडियम गॅलियम नायट्राइडची असते. तेजस्वी निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या चिपेत इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, ज्याला आपण पुस्तकात होल म्हणून शिकलो, एकत्र आले की प्रकाशाचा कण निघतो. पण दाटी वाढली की तिसराच एखादा इलेक्ट्रॉन जवळ असतो, आणि त्या भेटीतली ऊर्जा प्रकाश न होता त्या तिसऱ्याला मिळते. तो ती उष्णतेत उधळून टाकतो. याला ओझे परिणाम म्हणतात. हे नाव पिएर ओझे या फ्रेंच शास्त्रज्ञाचे आहे, आपल्या डोक्यावरच्या ओझ्याशी त्याचा संबंध नाही, तरी जुळले मात्र चपखल. प्रकाश देणाऱ्या भेटी दाटीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात आणि ओझे परिणाम घनाच्या प्रमाणात, म्हणून दाटी वाढेल तसा त्याचा वाटा वाढत जातो. अशा रीतीने वेग घेतलेले इलेक्ट्रॉन २०१३ मध्ये सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि फ्रान्समधील एकोल पोलितेक्निक येथील संशोधकांनी प्रत्यक्ष टिपले. तांब्याची पट्टी याला काहीही करू शकत नाही.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. महत्त्व नुसत्या करंटला नसून चिपेच्या दर चौरस मिलिमीटरला किती करंट पडतो याला आहे. एक्सएम-एलची चिप २ मिलिमीटर लांब आणि तेवढीच रुंद, म्हणजे चार चौरस मिलिमीटरची आहे. तिला ३ अँपिअर म्हणजे दर चौरस मिलिमीटरला पाऊण अँपिअर. एकाऐवजी तीन एलईडी बसवून प्रत्येकीला १ अँपिअर दिला तर माहितीपत्रकाच्या आकड्यांप्रमाणे तेवढ्याच एकूण करंटमध्ये ९१० ऐवजी साडेअकराशेच्या वर ल्युमेन मिळतील. मात्र तेवढ्याच डोक्यात तीन आरसे बसवायचे म्हणजे प्रत्येक आरसा लहान होतो आणि झोत पसरतो.

संपादक मंडळ

समुद्रात एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीविषयीचे तीन प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. त्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली असून तो विषय गंभीर आहे, पण या धाग्याचा नाही.

खारा वारा (मालवण)

आमचे घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे मी जरा वेगळीकडे बोट दाखवतो. विजेरीच्या मागच्या टोपणातली स्प्रिंग आणि बटणाचे संपर्क खाऱ्या हवेने काळवंडतात, आणि तिथे एक दशांश ओहम अडथळा निर्माण व्हायला एक पावसाळा पुरतो. ३ अँपिअरवर एवढ्या अडथळ्यात ०.३ व्होल्ट आणि ०.९ वॅट जातात. ७०० मिलिअँपिअरवर मात्र ०.०७ व्होल्ट आणि जेमतेम ०.०५ वॅट. अडथळ्यातली नासाडी करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे जुनी विजेरी पूर्ण टप्प्यावर आजारी दिसते आणि कमी टप्प्यावर ठणठणीत. मल्टीमीटरने टोपणाच्या जागी करंट मोजतानाही हाच घोटाळा होतो. मीटरच्या बारीक वायरी स्वतःच अडथळा घालतात आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. वायरी जाड आणि आखूड घ्याव्यात.

आपल्या तासाभराच्या तफावतीचे उत्तर मात्र यात नाही, कारण ती कमी टप्प्यावरच पडते आहे.

सुरूबन (रत्नागिरी)

मी बराच वेळ वाचत होते. कमी टप्प्यावर प्रकाश कमी कसा केला जातो, हे कोणी विचारले नाही असे दिसते. आठही चिपांतून ३ अँपिअर सोडून तो करंट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केला, तरी डोळ्याला प्रकाश मंदच दिसतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. तसे असेल तर आपली एलईडी ७०० मिलिअँपिअरवर कधी चालतच नाही. जळते तेव्हा ३ अँपिअरवरच जळते.

सध्या पाऊस आहे, तेव्हा तपासणी सोपी आहे. रात्री पडवीत उभे राहून कमी टप्प्यावर विजेरीचा झोत पागोळ्यांवर आडवा टाकावा. थेंबांच्या रेघा अखंड दिसल्या तर माझा तर्क चुकला, आणि तुटक दिसल्या तर बरोबर. पूर्ण टप्प्यावरही पाहावे, म्हणजे तुलना होईल.

पाखाडीवाला

आत्ताच पाहून आलो. पूर्ण टप्प्यावर पागोळीची रेघ अखंड आहे. कमी टप्प्यावर ती तुटक दिसते, आणि इतकी स्पष्ट दिसते की इतकी वर्षे ती नजरेत कशी आली नाही याचे मला नवल वाटले. मागे फूटपट्टी धरून मोबाइलने फोटो काढला. वळचणीपासून साधारण एक मीटर खाली, एका रेघेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत दोनेक सेंटिमीटर अंतर भरते, आणि त्यात उजेडाचा एक भाग तर अंधाराचे सुमारे दोन भाग आहेत.

निवृत्त मास्तर

सुरूबन यांचे अभिनंदन करतो. माझ्या नजरेतून हे सुटले होते.

एक मीटर पडलेल्या थेंबाचा वेग सेकंदाला सुमारे साडेचार मीटर असतो. दोन रेघांत दोन सेंटिमीटर असतील तर उघडझाप सेकंदाला दोनशेच्या थोडी वर होत आहे. उजेड एक भाग आणि अंधार दोन भाग, म्हणजे एलईडी एकूण वेळेच्या एक तृतीयांशाहून किंचित कमी वेळ पेटते. आपल्या लक्समीटरनेही तेच सांगितले होते. आता हिशेब करू. २८० ल्युमेन म्हणजे ९१० च्या सुमारे ३१ टक्के, आणि ३८० च्या आठ चिपा म्हणजे ३.०४ अँपिअर. त्याचे ३१ टक्के म्हणजे सरासरी ०.९४ अँपिअर. ३००० ला ९४० ने भागल्यास तीन तास अकरा मिनिटे येतात.

हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगायची तर, सलग ०.७ अँपिअर देऊन मिळणाऱ्या प्रकाशासाठी तुकड्यातुकड्यांत सरासरी ०.९४ अँपिअर द्यावा लागतो. कमी करंटवरची चांगली कार्यक्षमता पीडब्ल्यूएमला मिळत नाही. त्याला सदैव कमाल करंटचीच कार्यक्षमता मिळते. त्याच्या बाजूने एकच गोष्ट बोलता येते, ती म्हणजे प्रकाशाचा रंग सर्व टप्प्यांवर सारखा राहतो, कारण करंट बदलला की पांढऱ्या एलईडीची छटाही थोडी बदलते.

आंबेराखण (देवगड)

हे सर्व मान्य करूनही मला पूर्ण टप्पा हवाच आहे, हे नोंदवतो. बागेत रानडुक्कर आले की ते कुठल्या कलमाखाली आहे हे लांबून दिसले पाहिजे. तिथे दर वॅटला किती ल्युमेन हा विचार सुचत नाही.

सुरूबन

आपला मुद्दा योग्य आहे, पण लांबीचा हिशेबही पाहावा. विजेरीचा पल्ला मोजण्याच्या एएनएसआय एफएल-१ मानकात, जिथे प्रकाश पाव लक्सपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर पल्ला म्हणून धरतात. प्रकाश अंतराच्या वर्गाने विरळ होतो, त्यामुळे त्याच विजेरीत प्रकाश सव्वातीनपट केला तर पल्ला १.८ पट होतो. ९१० ल्युमेनला दोनशे मीटर दिसत असेल तर २८० ला एकशे दहा मीटर दिसेल. डुकरासाठी तो फरक मोलाचा आहे. पाखाडी उतरताना पुढच्या दहा फुटांत फुरसे आहे का हे पाहण्यासाठी मात्र २८० ल्युमेनही जास्तच होतात. आणि भर पावसात पूर्ण टप्पा लावला तर जवळच्या थेंबांवरून उलटा येणारा प्रकाशच डोळ्यांवर येतो.

आपल्याला हवा तो झोत मिनिटभरासाठी हवा असतो. तेवढ्याने सेल रिकामा होत नाही.

उधाण (वेंगुर्ले)

मग करंट आणखी कमी करत गेलो तर कार्यक्षमता वाढतच जाईल का? माझ्याकडे रात्री उशाशी ठेवण्याची विजेरी आहे, ती अगदी मिणमिणता प्रकाश देते.

निवृत्त मास्तर

नाही. एका मर्यादेनंतर ती पुन्हा घसरते. फारच थोडा करंट असला की चिपेतल्या स्फटिकातील दोष त्यातला मोठा वाटा प्रकाश न होऊ देता गिळतात. शिवाय ड्रायव्हरमधल्या नियंत्रक चिपेला स्वतःला थोडी वीज लागते, आणि एलईडीच दोन-तीन मिलिअँपिअर घेत असेल तेव्हा हा घरखर्च नगण्य राहत नाही. उशाशी ठेवण्यासाठी तरीही ती उत्तमच, कारण तिथे तास मोजायचे नसून रात्री मोजायच्या असतात.

पाखाडीवाला

दहा दिवसांनी लिहीत आहे.

ड्रायव्हरवरच्या आठ चिपांपैकी सहा चिपा डाग तापवून काढल्या आणि दोनच ठेवल्या. आता पूर्ण टप्पा म्हणजे सलग ७६० मिलिअँपिअर झाला आहे, ज्याचा प्रकाश आकड्यांप्रमाणे तीनशे ल्युमेनच्या आसपास असावा. लक्समीटरवर तो जुन्या कमी टप्प्यापेक्षा किंचित जास्त दिसतो. हिशेबाने तीन तास सत्तावन्न मिनिटे यायला हवी होती, प्रत्यक्षात तीन तास पन्नास मिनिटे आली. विजेरीचे डोके हाताला कोमटच लागते. मालवणच्या सूचनेप्रमाणे स्प्रिंगही बारीक पॉलिश कागदाने घासून घेतली आहे.

कमी टप्पा अजून उघडझाप करतोच, पण आता ती उघडझाप ७६० मिलिअँपिअरची असल्याने त्यातली नासाडी फारशी नाही. तो सुमारे नव्वद ल्युमेनचा झाला असून हिशेबाने साडेबारा तास चालायला हवा. तेवढा वेळ जागून पाहिलेले नाही.

आंबेराखण (देवगड)

काढलेल्या सहा चिपा टाकून देऊ नयेत. माझ्या विजेरीच्या ड्रायव्हरवर चार जागा रिकाम्या आहेत.

पाखाडीवाला

डबीत ठेवल्या आहेत. पोस्टाने पाठवतो. मात्र चार चढवण्यापूर्वी एलईडीखालचा आधार तांब्याचा आहे का ते पाहून घ्यावे.